जाण्यायेण्याची वाट

१९५१ साल आहे अशी क्षणभर कल्पना करा. गाव लाहोर. केंब्रिजहून शिकून आलेला पंचवीस वर्षांचा एक तरुण तेथील सरकारी महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला आहे. मूलकणांच्या सिद्धांतावर त्याने केलेल्या कामाची युरोप-अमेरिकेतल्या भल्याभल्यांनी दखल घेतली आहे. तो मोठ्या उत्साहाने प्राचार्यांना भेटायला जातो. प्राचार्य सांगतात, शिकवण्याखेरीज महाविद्यालयाचे आणखी एक काम तुम्हांला अंगावर घ्यावे लागेल. वसतिगृहावर देखरेख करा, हिशेब सांभाळा, नाहीतर फुटबॉलचा संघ पाहा. तीनपैकी कोणतेही एक निवडा. तरुणाने फुटबॉल निवडला.

हसू आले ना? त्या तरुणाला आले नसावे. त्याचे नाव अब्दुस सलाम. पुढे १९७९ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले, त्यांतले हे एक. पण लाहोरच्या त्या दिवसांत या माणसाची जी घुसमट झाली, तिच्यातून पुढे एक संस्था उभी राहिली. आज जगभरचे, विशेषतः गरीब देशांतले, हजारो तरुण पदवीधर तिचा लाभ घेतात. पदवी घेतल्यावर पुढे काय, आणि परदेशी जायचे तर कशासाठी, हा प्रश्न तुम्हांलाही आज ना उद्या पडणार आहे. म्हणून ही हकीकत आत्ताच वाचून ठेवा.

सलाम यांची अडचण नेमकी काय होती, ते आधी नीट समजून घेऊ या. सैद्धांतिक पदार्थविज्ञानाला मोठी यंत्रे लागत नाहीत. कागद, पेन्सिल, फळा आणि खडू एवढ्यावर काम भागते. मग लाहोर काय आणि केंब्रिज काय, सगळे सारखेच असायला हवे! तसे ते नसते. कारण या विद्येला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे बोलायला माणसे. तुम्ही गणित सोडवताना अडता, शेजारच्या बाकावरच्या मित्राला 'हे बघ, इथपर्यंत आलं, पुढे जात नाही' असे सांगू लागता, आणि सांगता सांगता तुमचे तुम्हांलाच उत्तर सुचते. हा अनुभव तुम्हांला असेलच. संशोधकांचेही तसेच असते. फरक एवढाच, की शेजारच्या बाकावर तोच प्रश्न घेऊन झगडणारा कोणीतरी असावा लागतो. लाहोरला तो बाक रिकामा होता. नवी नियतकालिकेही तेव्हा बोटीने येत. अंक हाती पडेपर्यंत त्यातला प्रश्न दुसऱ्या कोणीतरी सोडवूनही टाकलेला असे.

याच काळात एक मजेदार प्रसंग घडला. त्याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. वोल्फगांग पाउली हे नाव तुम्ही अकरावी-बारावीत रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचाल. एका कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन का राहतात, हे सांगणारे ते पाउली. ते मुंबईला आले होते. त्यांनी लाहोरला सलाम यांना तार केली : येथे मी एकटाच आहे, बोलायला या. सलाम यांनी मागचापुढचा विचार केला नाही. मिळेल त्या विमानाने ते मुंबईला आले आणि पाउलींशी बोलून परत गेले. परतल्यावर, परवानगीवाचून गेलात कसे, म्हणून त्यांना जाब विचारण्यात आला! दोन माणसांना बोलायचे होते, एवढीच काय ती गोष्ट. पण त्यासाठी एकाने देशाची सीमा ओलांडली आणि वर बोलणी खाल्ली.

१९५४ साली सलाम केंब्रिजला परत गेले. १९५७ पासून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांना देश सोडायचा नव्हता. पण देशात राहायचे तर पदार्थविज्ञान सोडायचे आणि पदार्थविज्ञानात राहायचे तर देश सोडायचा, असा तो पेच होता. असा पेच कोणत्याही तरुण माणसापुढे येऊ नये असे त्यांना वाटले. त्यासाठी त्यांनी काय केले तेच या लेखात सांगायचे आहे.

पण त्याआधी आणखी एक गोष्ट. सलाम मुळात केंब्रिजला गेले कसे? त्यांचे वडील पंजाबातील झंग या लहानशा गावी शिक्षणखात्यात साध्या नोकरीवर होते. मुलाला विलायतेला पाठवण्याची ऐपत घरात नव्हती. दुसऱ्या महायुद्धासाठी पंजाबात एक निधी गोळा झाला होता. युद्ध संपले आणि पैसा शिल्लक राहिला. त्यातून लहान शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्यायचे ठरले आणि पाच मुले निवडली गेली. केंब्रिजला ऐनवेळी एक जागा रिकामी झाल्याने सलाम यांना १९४६ साली लगेच जाता आले. बाकीच्यांना पुढच्या वर्षीपर्यंत थांबावे लागले. पुढच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, फाळणी झाली आणि ती शिष्यवृत्ती योजनाच बुडाली. पाचांपैकी एकटे सलाम गेले. उरलेल्या चौघांत कोणी त्यांच्याइतकाच बुद्धिमान नव्हता, असे कोण सांगू शकेल? सलाम ही गोष्ट पुढे अनेकदा सांगत. संधी अशी लॉटरीसारखी नसावी, हे त्यांना स्वतःवरूनच कळले होते.

रोल्स-रॉईस आणि बैलगाडी

१९६० साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची परिषद व्हिएन्नाला भरली. पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून सलाम तेथे उभे राहिले आणि त्यांनी सूचना मांडली : सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढा. तेथे विकसनशील देशांतील तरुण संशोधकांनी यावे, काही महिने राहावे, जगातल्या उत्तम शास्त्रज्ञांबरोबर काम करावे आणि ताजेतवाने होऊन आपापल्या देशी परत जावे.

श्रीमंत देशांच्या प्रतिनिधींना ही कल्पना फारशी पटली नाही. एकाने तर असेही सुनावले, की सैद्धांतिक पदार्थविज्ञान म्हणजे विज्ञानातली रोल्स-रॉईस मोटार. गरीब देशांना बैलगाडी पुरे आहे.

या टोमण्यात थोडेसे तथ्य आहे असे तुम्हांलाही वाटेल. ज्या देशात पोटभर अन्न नाही, त्याने मूलकणांच्या मागे का लागावे? मला स्वतःला हा युक्तिवाद नेहमीच लंगडा वाटत आला आहे. रुग्णालयातले किरणोपचाराचे यंत्र कोणीतरी नीट जुळवून द्यावे लागते. पावसाचा अंदाज कोणीतरी गणिताने काढावा लागतो. अभियांत्रिकीच्या मुलांना पदार्थविज्ञान कोणीतरी शिकवावे लागते. तो 'कोणीतरी' चांगल्या गुरूच्या हाताखाली तयार झालेला नसेल, तर बैलगाडीसुद्धा दुसऱ्याकडूनच विकत घ्यावी लागते.

चार वर्षे खटपट चालली. अनेक शहरांची नावे पुढे आली. इटलीतील त्रिएस्ते या शहराच्या वतीने पाओलो बुदिनिक या प्राध्यापकांनी जोर लावला, इटलीच्या सरकारने पैसा देऊ केला आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये केंद्र सुरू झाले. सलाम त्याचे पहिले संचालक झाले. १९९३ पर्यंत ते त्या पदावर होते. १९९६ साली त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. आज इटलीचे सरकार, युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मिळून ते चालवतात.

नकाशा काढा आणि एड्रियाटिक समुद्राचे अगदी वरचे टोक पाहा. तेथे त्रिएस्ते आहे. शहराबाहेर मिरामारे नावाचा पांढरा राजवाडा थेट समुद्रावर झुकलेला आहे, आणि त्याच्या बागेला लागून केंद्राच्या इमारती आहेत. हा राजवाडा ऑस्ट्रियाच्या बादशहाचा भाऊ मॅक्सिमिलियन याने बांधला. १८६४ साली मेक्सिकोचे बादशहापद स्वीकारून तो येथूनच जहाजावर चढला. तीन वर्षांनी तिकडे त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तो परत आला नाही. बरोबर शंभर वर्षांनंतर त्याच किनाऱ्यावर परत जाण्यासाठीच येणाऱ्या माणसांचे केंद्र निघाले. हा निव्वळ योगायोग, पण मला तो लक्षात ठेवावासा वाटतो.

हक्काचे पाहुणे

सलाम यांनी योजलेली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे 'असोसिएट' ही पद्धत. आपण त्यांना सहयोगी म्हणू. समजा, एखादा तरुण घानामध्ये, नेपाळमध्ये किंवा आपल्या मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयात शिकवतो आहे आणि चांगले संशोधन करतो आहे. त्याला केंद्र आपला सहयोगी नेमते. मग त्याने ठरावीक वर्षांच्या मुदतीत दोनतीनदा, एका वेळी काही आठवडे ते तीन महिने, त्रिएस्तेला यायचे. जाण्यायेण्याचे भाडे आणि राहण्याजेवणाचा खर्च केंद्र देते. त्याची नोकरी, घर, विद्यार्थी सारे आपल्या देशातच राहते. प्रत्येक वेळी कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहायला नको, कारण येणे हा त्याचा हक्कच असतो. लाहोरच्या सलाम यांना नेमके हेच हवे होते. उन्हाळ्यात तीन महिने आपल्या बरोबरीच्या माणसांत काढता आले असते, तर आपण लाहोर सोडले नसते असे ते म्हणत.

तुम्ही अजून शाळेत आहात. सहयोगी व्हायला तुम्हांला बराच अवकाश आहे. पण नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांसाठीही केंद्रात दारे आहेत. १९९१ पासून तेथे एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. मूलकण, घनपदार्थांचे विज्ञान, गणित, पृथ्वीचे वातावरण आणि महासागर, जीवशास्त्रातले गणिती प्रश्न अशा त्याच्या शाखा आहेत. प्रत्येक शाखेत दर वर्षी दहाच्या आसपासच मुले घेतात. सगळी विकसनशील देशांतली. फी नाही, उलट राहण्याखाण्यापुरते विद्यावेतन मिळते. एकाच बाकावर सुदान, क्यूबा, बांगलादेश आणि व्हिएतनाम शेजारी शेजारी बसले आहेत असे दृश्य तेथे नवलाचे नाही. वर्षभर कसून अभ्यास, शेवटी एक प्रबंधिका, आणि मग पीएच.डी.साठी वाट मोकळी.

व्हेनेझुएलातील फ्रेडी काचासो हा तरुण १९९६ साली आपल्या देशात पदवीधर झाला आणि या अभ्यासक्रमाला आला. तेथून तो हार्वर्डला गेला. मूलकणांच्या टकरींची गणिते करायला पूर्वी पानेच्या पाने खर्ची पडत. ती काही ओळींत करण्याच्या रीती ज्यांनी शोधल्या, त्यांत त्याचे नाव आज आघाडीवर आहे. तो आता कॅनडात असतो. हे मुद्दाम सांगतो, कारण खरे ते सांगायला हवे : पदविका घेऊन गेलेली सगळीच मुले मायदेशी परतत नाहीत. जाण्याची वाट नेहमीच रुंद असते, येण्याची अरुंद.

म्हणूनच मला स्वतःला दुसरी एक योजना अधिक आवडते. तिला 'सँडविच' योजना म्हणतात! पीएच.डी. आपल्याच देशातील विद्यापीठात करायची. मात्र तीन वर्षे दर वर्षी तीन ते सहा महिने त्रिएस्तेला जाऊन तेथील मार्गदर्शकाजवळ काम करायचे आणि परत यायचे. पदवी आपल्या विद्यापीठाची, मार्गदर्शक दोन, एक घरचा आणि एक बाहेरचा. शिवाय एका शिष्यामुळे त्या घरच्या मार्गदर्शकाचाही जगाशी संबंध जुळतो. हा फायदा अर्जात लिहिलेला नसतो, पण तो लहान नव्हे.

रुग्णालयात काम करणारे भौतिकतज्ज्ञ तयार करणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही तेथे आहे. कर्करोगावरील किरणोपचारात किती मात्रा, कोठे आणि किती वेळ द्यायची, हे गणित करणारा माणूस अनेक देशांत मिळतच नाही. यंत्र धूळ खात पडते. अशा देशांतली मुले पहिले वर्ष वर्गात आणि दुसरे वर्ष इटलीतील रुग्णालयांत काढतात.

सह्याद्री कोठे गेला?

आता थोडे विज्ञान पाहू. त्रिएस्तेला शिकलेले तरुण घरी नेमके काय घेऊन जातात, ते त्यावरून कळेल.

पृथ्वीचे हवामान पुढे कसे बदलेल हे संगणकावर काढतात, ते तुम्हांला ठाऊक आहे. त्यासाठी साऱ्या पृथ्वीवर चौकटींचे जाळे टाकतात आणि प्रत्येक चौकटीसाठी वारा, तापमान, बाष्प यांची समीकरणे सोडवतात. साऱ्या पृथ्वीसाठी हे करायचे तर चौकटी मोठ्या घ्याव्या लागतात, शंभर-दोनशे किलोमीटर लांबीरुंदीच्या. मोठ्या चौकटीत काय होते, ते महाराष्ट्राच्या नकाशावर पाहा. कोकण, सह्याद्री आणि पलीकडचा दुष्काळी पट्टा हे तिन्ही एकाच चौकटीत बसतात! संगणकाला सह्याद्री दिसतच नाही. त्याच्या लेखी तेथे एक सपाटसा उंचवटा असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या फलटणला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. या दोहोंची सरासरी काढून ना महाबळेश्वरच्या माणसाला उपयोग, ना फलटणच्या.

यावर उपाय असा : साऱ्या पृथ्वीचे मोठे गणित तसेच राहू द्यायचे, आणि त्यातून फक्त आपला प्रदेश कापून घेऊन त्यावर बारीक जाळे टाकायचे. सीमेवरून आत येणारा वारा आणि बाष्प मोठ्या गणितातून घ्यायचे आणि आतले डोंगर स्वतः मांडायचे. असे प्रादेशिक हवामानाचे एक प्रारूप १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार झाले. त्याच्या कर्त्यांपैकी एक, फिलिप्पो जॉर्जी, नंतर त्रिएस्तेच्या केंद्रात आले आणि तेथे ते प्रारूप वाढले. 'रेगसीएम' हे त्याचे नाव. ते फुकट मिळते. पण आज्ञावली फुकट मिळाली म्हणून ती चालवता येते असे थोडेच आहे? म्हणून केंद्र त्यासाठी वर्ग भरवते. आफ्रिकेतले, आशियातले, दक्षिण अमेरिकेतले तरुण येऊन ते चालवायला शिकतात, आणि घरी जाऊन आपल्या डोंगरांवर, आपल्या पावसावर ते लावून पाहतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही दक्षिण आशियाच्या हवामानाचे भाकित करण्यासाठी हे प्रारूप वापरले आहे. रोल्स-रॉईसच्या कारखान्यातून बैलगाडीलाही उपयोगी पडेल असे काहीतरी निघाले म्हणायचे!

पुढारी कसे होतात?

संधी मिळाली, शिकलो, नोकरी लागली, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. केंद्राचे पुढचे संचालक कोण झाले ते पाहा. अर्जेंटिनाचे मिगेल विरासोरो, भारताचे के. आर. श्रीनिवासन, ग्वातेमालाचे फर्नांदो केवेदो. आणि २०१९ साली या पदावर आले अतीश दाभोलकर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजचे. कानपूरच्या आयआयटीतून पदवी, प्रिन्स्टनहून पीएच.डी., मग परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बरीच वर्षे संशोधन आणि त्यानंतर पॅरिस. कृष्णविवरांच्या पुंज सिद्धांतावरील कामासाठी ते ओळखले जातात. त्यांचे वडील श्रीपाद दाभोलकर यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला होता. एकाने आपल्या मळ्यात केलेला प्रयोग दुसऱ्याला कळावा, दुसऱ्याने त्यात भर घालावी, अशी त्याची रीत. तेव्हा ज्ञानाच्या देवघेवीचा हा धडा चिरंजीवांना घरीच मिळालेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

केंद्र दर वर्षी विकसनशील देशातील एका तरुण गणितज्ञाला रामानुजन यांच्या नावाचे पारितोषिक देते. भारत सरकारचा विज्ञान विभागही आता त्यात भागीदार आहे. २००६ साली ते सुजाता रामदोराई यांना मिळाले. तेव्हा त्या मुंबईच्या टाटा संस्थेत अंकशास्त्रावर काम करीत होत्या. त्यांनी एम.एस्सी. कशी केली ठाऊक आहे? पत्रद्वारा, अण्णामलाई विद्यापीठातून. ज्यांना वाटते की नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही म्हणजे सारे संपले, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. पुढे २०२१ साली हेच पारितोषिक कोलकात्याच्या नीना गुप्ता यांना मिळाले.

विज्ञानातले पुढारीपण म्हणजे काय, ते पाहायला जिनीव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेकडे जरा वळावे लागेल. सलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिद्धांताने भाकित केलेले कण १९८३ साली तेथेच सापडले, त्यामुळे ही काही परकी जागा नव्हे. तेथील एकेका प्रयोगात तीन-तीन हजार शास्त्रज्ञ असतात, अनेक देशांतले. यांना हुकूम कोण सोडणार? प्रत्येकाचे विद्यापीठ वेगळे, पगार देणारा वेगळा. तेव्हा प्रयोगाचा प्रमुख हुकूम सोडतच नाही. सहकारी त्याला निवडून देतात आणि पटवून देणे एवढेच हत्यार त्याच्यापाशी असते. त्याचे नावही मोठे बोलके आहे : प्रवक्ता! फाबिओला जानोत्ती ही इटालियन तरुणी १९९४ साली तेथे साधी फेलो म्हणून आली. लहानपणी ती पियानो शिकली होती आणि शाळेत तिचा भर प्राचीन भाषांवर होता. २००९ साली ती 'अ‍ॅटलास' प्रयोगाची प्रवक्ता झाली, ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याची घोषणा तिच्या प्रयोगाच्या वतीने तिनेच केली, आणि २०१६ ते २०२५ ती साऱ्या 'सर्न'ची प्रमुख होती. हे एकदम घडत नाही. पीएच.डी.चा विद्यार्थी रात्रपाळीला नियंत्रणकक्षात बसून यंत्रावर नजर ठेवतो. मग एखाद्या लहान गटाची जुळणी त्याच्याकडे येते, मग मोठ्या गटाची. तिशीतली माणसे तेथे शेकडो लोकांच्या कामाची आखणी करताना दिसतात.

'सर्न'मध्ये १९६२ पासून उन्हाळी विद्यार्थी घेतात. भारत २०१७ साली तेथे सहयोगी सदस्य झाला, त्यामुळे आपल्या मुलांना तेथे शिकण्याच्या आणि ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांच्या वाटा पूर्वीपेक्षा मोकळ्या झाल्या आहेत.

आज हे सारे घरबसल्या होणार नाही का, असे तुम्ही विचाराल. १९९१ पासून पदार्थविज्ञानाचे नवे लेख छापण्यापूर्वीच संगणकाच्या जाळ्यावर येऊ लागले. प्रिन्स्टनला आणि गडहिंग्लजला ते एकाच क्षणी वाचता येतात. बोटीची वाट पाहायला नको. खरे आहे. पण लेखात निघालेले उत्तर असते, ते काढताना वाया गेलेल्या दहा वाटा त्यात नसतात. त्या फळ्याजवळ कळतात, चहाच्या टेबलाशी कळतात. म्हणून केंद्र बंद पडले नाही. उलट त्याची भावंडे निघाली. ब्राझीलमध्ये साऊं पाउलो येथे, चीनमध्ये बीजिंगला, मेक्सिकोत, आणि २०१८ साली रुआंडाच्या किगाली शहरात. पूर्व आफ्रिकेतल्या मुलाला आता पहिल्या पायरीसाठी समुद्र ओलांडायला नको.

आपल्याकडेही ही कल्पना रुजली आहे. पुण्याच्या 'आयुका'त विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले शिक्षक सहयोगी म्हणून येतात, काही दिवस राहून काम करतात आणि आपल्या गावी परततात. तुमच्या गावच्या महाविद्यालयात असे कोणी आहे का, चौकशी करून पाहा. असेल, तर त्यांना जाऊन भेटा. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ऑलिंपियाडची शिबिरे तेथे होतात. पदवीच्या वर्गात गेल्यावर 'आयुका' आणि टाटा संस्था सुट्टीत विद्यार्थ्यांना संशोधनासाठी घेतात. त्रिएस्तेची पायरी यानंतरची.

इंग्रजीची धास्ती अनेक मराठी शाळांतल्या मुलांना वाटते. तिच्याविषयी एवढेच सांगतो, की त्रिएस्तेला जमणाऱ्यांपैकी फार थोड्यांची ती मातृभाषा असते. व्याकरण चुकले तर कोणी हसत नाही. समीकरण चुकले तर मात्र तिथल्या तिथे थांबवतात. तेव्हा दोन्हीपैकी कशावर जास्त मेहनत घ्यायची ते तुम्हीच ठरवा. आणि एक सवय आजच लावून घ्या. सुटलेले गणित मित्राला फळ्यावर उभे राहून समजावून सांगत चला.

शिक्षक मंडळीही हे वाचत असतील, म्हणून एक गोष्ट राहिली ती सांगतो. फाळणीपूर्वी लाहोरला सलाम यांना गणित शिकवणारे एक प्राध्यापक होते, अनिलेंद्र गांगुली. फाळणीनंतर ते कोलकात्याला आले. नोबेल पारितोषिक मिळाल्यावर सलाम यांनी भारत सरकारच्या मदतीने त्यांचा पत्ता शोधून काढला आणि १९८१ साली ते त्यांच्या घरी गेले. गांगुली सर तेव्हा वृद्ध होते, अंथरुणाला खिळलेले होते. सलाम यांनी नोबेलचे पदक काढले आणि सरांना दिले.